कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या सुचित्राताई

सुचित्रा देवपुजारी तायक्वांदोकडे वळल्या त्या निव्वळ बसून बसून कंटाळा आला म्हणून. साल दोन हजार. मुलगा परीक्षित सहा वर्षांचा, आठवड्यातून तीनदा त्याचा क्लास, आणि नागपूरहून न्यू जर्सीतल्या एडिसनला येऊन चार वर्षं झाली तरी ताईंच्या ओळखी बोटांवर मोजण्याइतक्याच. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांच्या गर्दीपासून जरा लांब, एका स्ट्रिप मॉलमध्ये, लाँड्री आणि डोनटच्या दुकानाच्या मधे कोरियाहून आलेल्या मास्टर योम यांची शाळा होती. बाकीच्या आया काचेबाहेर खुर्च्यांवर मासिकं चाळत बसायच्या. ताई आत बघत बसायच्या.

दोनेक महिन्यांनी मास्टर बाहेर आले. पन्नाशी ओलांडलेले, बुटके, बोलायला कमी. ‘देवपुजारी’ त्यांच्या तोंडात मावत नसे आणि ‘सुचित्रा’ही अर्धंच मावे.

“मिसेस सू,” ते म्हणाले, “माझ्या वर्गातल्या कुणाहीपेक्षा तुमचं लक्ष जास्त आहे. मग ते उभं राहून द्या.”

परीक्षितने दीड वर्षात तायक्वांदो सोडून सॉकर धरलं. ताई मात्र राहिल्या. दिवसभर एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम. तिथली तराजू, थर्मामीटर, मोजायची यंत्रं बरोबर मोजतात की नाही ते तपासायचं. तिथून थेट क्लासला. चाळिसाव्या वर्षी त्यांना ब्लॅक बेल्ट मिळाला आणि त्याच वर्षी डाव्या गुडघ्यातली कूर्चा फाटली. डॉक्टरांनी लढत बंद केली. ताईंना वाटलं, संपलं. मास्टर म्हणाले, “गुडघा गेला. डोळे आहेत ना? खुर्चीवर जाऊन बसा.”

म्हणजे कॉर्नर जज व्हा. मॅटच्या कोपऱ्यांवर खुर्च्या असतात, प्रत्येकीवर एक जज, हातात बटणांचं छोटं यंत्र. किक लागली असं वाटलं की बटण दाबायचं. बहुतेक जजनी एकाच सेकंदात दाबलं तर पॉइंट. ताईंनी ट्रेनिंग घेतलं, परीक्षा दिली आणि दोन हजार सातपासून न्यू जर्सीतल्या स्पर्धांना त्या कोपऱ्यात बसू लागल्या. मी त्यांच्याच रस्त्यावर राहते. माझी मुलगी काही वर्षं त्याच शाळेत होती, त्यामुळे मीही स्पर्धांना घड्याळाच्या टेबलावर बसायला लागले. शनिवारी सकाळी सहाला त्यांची गाडी माझ्या दारात यायची. जाता-येता त्या बोलायच्या. खूपसं मला गाडीतच कळलं.

तेव्हाचा नियम त्यांना फार आवडायचा. नुसता पाय लागून भागत नसे. अंगावर मारलेली किक अशी हवी, की समोरच्याचं शरीर हललं पाहिजे. “आधी आवाज येतो,” ताई सांगायच्या. “चेस्ट गार्डवर बरोबर बसलेल्या किकचा आवाज वेगळा असतो. मग समोरच्याचा श्वास बाहेर पडतो. मला ते खुर्चीत बसून जाणवतं गं.”

पण खुर्चीवर सगळेच काही ताईंसारखे नव्हते. दोन हजार दहाच्या सुमाराला एका स्पर्धेत त्यांच्या समोरच्या कोपऱ्यातले गृहस्थ आपल्याच शाळेच्या मुलासाठी हवेतल्या किकलाही बटण दाबत होते. दुसऱ्या जजशी त्यांचं आधीच ठरलेलं असावं. ज्याने खरोखर मार दिला तो मुलगा हरला आणि त्याचे वडील मॅटच्या कडेला खाली मान घालून उभे राहिले. ताईंनी तक्रार केली. उत्तर आलं की जजचं मत हे जजचं मत.

म्हणून पुढच्या वर्षी इलेक्ट्रॉनिक चेस्ट गार्ड आणायचे की नाहीत यावर बैठक झाली तेव्हा ताई बोलायला उभ्या राहिल्या. गार्डमध्ये सेन्सर, पायातल्या मोज्यांमध्ये सेन्सर. पाय ठरलेल्या जोराने लागला की पॉइंट आपोआप. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये ते येऊ घातलंच होतं. ताई म्हणाल्या, “मी रोज प्रयोगशाळेत काम करते. एका माणसाच्या नजरेवर आम्ही कधीच विसंबत नाही. नजरेला आवडनिवड असते, यंत्राला नसते.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठराव पास झाला.

मास्टर योम मागच्या रांगेत बसले होते. परतताना ते ताईंच्या गाडीत होते. ते म्हणाले, “छान बोललात. सोलमध्येही लोक असंच छान बोलायचे.”

मग त्यांनी सांगितलं. जपान्यांचं राज्य गेल्यावर सोलमध्ये लढाईच्या वेगवेगळ्या शाळा निघाल्या. प्रत्येकीचा झेंडा वेगळा, हालचालींचे क्रम वेगळे, गुरू वेगळा. तायक्वांदो हे एकच नाव सगळ्यांना द्यायचं ठरलं ते पंचावन्न साली, आणि तेसुद्धा सगळ्यांना पटलं नव्हतं. मास्टर तेराव्या वर्षी अशा एका शाळेत शिरले. सकाळी पाचला थंड पाण्याने फरशी पुसायची, मग सराव. पुढे सरकार म्हणालं, हा देशाचा खेळ करायचा, जगात न्यायचा. वेगवेगळ्या शाळा नकोत. दोन गट पडले, दोन संघटना झाल्या. मास्टरांचा सख्खा मित्र दुसऱ्या गटात गेला आणि दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. मास्टर चौऱ्याहत्तर साली न्यू जर्सीत आले. चार वर्षांनी गुरूंचं पत्र आलं, की आपल्या शाळेची पाटी उतरवली आहे, जुने क्रम शिकवू नकोस, नवे शिकव.

“मग तुम्ही काय केलंत?” ताईंनी विचारलं.

“नवे शिकवले.”

“आणि जुने?”

“जुने कुणाला शिकवू? परीक्षेला नवेच विचारतात.”

ताईंना तेव्हा वाईट वाटलं, पण आपण केलं ते चूक असं काही वाटलं नाही. पहिली दोन-तीन वर्षं तर सगळं ठीक चाललं. भांडणं थांबली. आकडा स्क्रीनवर यायचा आणि पालक मान डोलवायचे. जजकडे उरलं होतं ते दोन गोष्टींपुरतं: हाताचा ठोसा लागला तर बटण, आणि गिरकी घेऊन किक मारली तर त्या गिरकीचे जादा पॉइंट देणारं बटण. पण ते जादा पॉइंट मिळणार केव्हा, तर गार्डने आधी किक मान्य केली असेल तेव्हाच.

हळूहळू मुलांच्या लक्षात आलं की गार्डला जोर दाखवायची गरज नाही, जागा दाखवायची आहे. पुढचा पाय उचलायचा, तो खाली ठेवायचाच नाही; एका पायावर उड्या मारत मारत, तलवार चालवावी तसा तो पाय समोरच्याच्या पोटाशी फिरवायचा, मोज्याचा सेन्सर गार्डवर घासला की झालं. आवाज नाही, काही नाही. दोन पॉइंट. ताई घरी येऊन नवऱ्याला सांगायच्या. सुमंतराव आयटीतले.

“इट्स अ थ्रेशोल्ड प्रॉब्लेम, सुचि,” ते म्हणायचे. “सेटिंग बदललं की होईल.”

“मला माहितेय रे काय प्रॉब्लेम आहे ते. सांगू कुणाला?”

ऋता शाळेत आली ती सहा वर्षांची असताना. आमच्याच गल्लीतल्या आसावरीची मुलगी. मास्टरांचं वय झालं होतं, लहान मुलांचा वर्ग तेव्हा ताईच घ्यायच्या. वर्गात ऋता त्यांना ‘येस मॅम’ म्हणायची आणि दाराबाहेर पडताक्षणी ‘काकू’. तिची बॅक किक ताईंनी घडवली. समोरच्याकडे पाठ करायची, खांद्यावरून बघायचं आणि टाच सरळ मागे सोडायची. पाच वर्षं लागली ती किक यायला. चौदाव्या वर्षी ऋताने ती मारली तेव्हा पॅड धरलेल्या ताई दोन पावलं मागे गेल्या आणि मास्टरांनी वर्ग थांबवून सगळ्यांना बघायला लावली.

दोन हजार तेवीसच्या मार्चमधली गोष्ट. राज्याची स्पर्धा, एका कम्युनिटी कॉलेजच्या जिममध्ये. ऋता सतरा वर्षांची. जिंकली तर राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. फायनलच्या आधी कळलं की दोन जज आजारी आहेत, खुर्ची रिकामी आहे. ताईंना बोलावलं. त्या मुख्य रेफरीकडे गेल्या.

“ही माझ्या शाळेची मुलगी आहे. मी बसणं योग्य नाही.”

रेफरी कागदांमधून वर न बघता म्हणाला, “बसा हो. स्कोअर मशीन देतं. तुमच्या बसण्याने काय फरक पडणार आहे?”

त्याला काही लागट बोलायचं नव्हतं. जे होतं तेच तो बोलला. ताई बसल्या.

पहिली फेरी ऋताने घेतली, दुसरी समोरच्या मुलीने. ती मुलगी उंच होती, पूर्ण वेळ पुढचा पाय हवेत. तिसऱ्या फेरीत अकरा सेकंद उरले होते. ऋता चार, ती सहा. मी घड्याळाच्या टेबलावर होते, म्हणून आकडे मला पक्के आठवतात. त्या मुलीने पाय पुढे टाकला. ऋता वळली. पाठ, खांदा, टाच.

आवाज मला टेबलापर्यंत आला. ती मुलगी पोट धरून गुडघ्यांवर बसली. टेबलावरच्या स्क्रीनवर दोन बारीक दिवे लागले, म्हणजे दोन जजनी गिरकीचं बटण दाबलं होतं. त्यातला एक ताईंचा कोपरा. पण गार्डने किक मान्यच केली नव्हती. आकडा चार-सहाच राहिला.

मॅटवरच्या रेफरीने कोरियनमध्ये मोजायला सुरुवात केली. दहापर्यंत मोजतात, तोवर उठलं नाही तर लढत संपते. मुलगी आठाला उठली, डोळे पुसले, हात वर घेतले. ऋताच्या बाजूच्या कोचच्या खुर्चीवर मास्टर योम होते, सत्त्याहत्तर वर्षांचे. व्हिडिओ पुन्हा बघायची मागणी करायचं कार्ड असतं, ते त्यांनी वर धरलं. रेफरीने येऊन नम्रपणे सांगितलं की अंगावरच्या किकसाठी व्हिडिओ बघता येत नाही, ती फक्त गार्डने ठरवायची. मास्टरांनी कार्ड खाली घेतलं नाही. रेफरी परत गेला, घड्याळ सुरू करायची खूण केली, आणि मी घड्याळ सुरू केलं. ते सुरू करणं माझं काम होतं. अकरा सेकंद ती उंच मुलगी मागे मागे पळाली. संपलं.

लढत संपल्यावर मास्टर ताईंजवळ आले. “मिसेस सू, तुम्ही पाहिलंत?”

“पाहिलं.”

“किक होती?”

“होती. बटण दाबलं मी.”

“मग?”

“मग काही नाही, मास्टर.”

एका बाकावर ऋता मोजे काढत बसली होती. ती रडत नव्हती. यंत्राच्या कंपनीचा माणूस येऊन मोजा बघून गेला. म्हणाला, साइझ अर्धा नंबर मोठा आहे, टाचेचा सेन्सर सरकला असेल, होतं असं. आसावरी ताईंजवळ आली. तिचा आवाज अगदी हळू होता, म्हणून जास्त लागला.

“सुचित्राताई, तुम्ही अगदी समोर बसला होतात.”

ताईंनी तिचा हात धरला.

त्यानंतर ताईंनी त्यांना येत होतं ते केलं. पुढच्या चार स्पर्धांमध्ये प्रत्येक बॅक किक त्यांनी टिपून ठेवली. समोरचं माणूस वाकलं किंवा मागे गेलं अशा एकसष्ट किक. त्यातल्या गार्डने मान्य केल्या सव्वीस. नुसत्या घासलेल्या, तरी मान्य झालेल्या किक वेगळ्या लिहिल्या. प्रयोगशाळेत यंत्राबद्दल लिहितात तसा व्यवस्थित सहा पानी अहवाल केला, सुमंतरावांनी तक्ते काढून दिले, आणि तो राज्याच्या समितीला पाठवला. दीड महिन्याने उत्तर आलं. त्यांच्या अनेक वर्षांच्या सेवेबद्दल आभार होते. पुढे लिहिलं होतं, की हे निष्कर्ष एका व्यक्तीच्या नजरेवर आधारलेले आहेत, आणि व्यक्तीच्या नजरेवर विसंबायला लागू नये म्हणूनच ही पद्धत स्वीकारली आहे.

ते पत्र त्यांनी मला गाडीत दाखवलं. “वाक्य माझंच आहे,” त्या म्हणाल्या. “बारा वर्षांपूर्वीचं. मी काय उत्तर देऊ याला?”

मी म्हटलं, “ते यंत्र सुधारायला सांगा.”

“सांगितलं. ते म्हणाले, सुधारत असतो आम्ही. दर दोन-तीन वर्षांनी नवं येतं. ऋता दर दोन-तीन वर्षांनी सतराची होत नाही.”

त्या जूनमध्ये ऋता शाळेत आली, आईबरोबर. वीस मैलांवर एक नवी जिम निघाली होती. तिथे सरावालाही इलेक्ट्रॉनिक गार्ड होते, तिथली मुलं जिंकत होती. तिने मास्टरांसमोर वाकून नमस्कार केला आणि इंग्रजीत सांगितलं, की मी जाते. मास्टरांनी विचारलं, “ते पुढच्या पायाने मारायला शिकवतात?” ती हो म्हणाली. “चांगलं आहे,” ते म्हणाले. “जा, नीट शीक.” ती गेल्यावर त्यांनी त्या दिवशीचा मोठ्यांचा वर्ग ताईंना घ्यायला सांगितला आणि ऑफिसचं दार लोटून घेतलं.

ऋतामागे आणखी सात-आठ मुलं गेली. आधीच वर्ग विरळ झाले होते. पुढच्या उन्हाळ्यात मास्टरांनी शाळा बंद केली आणि ते अटलांटाला मुलीकडे राहायला गेले. जमिनीवरचे मॅट काढायला ताई, सुमंतराव आणि मी गेलो होतो. त्या जागी आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मास्टर महिन्यातून एकदा फोन करतात. फोनवर ते मुख्यतः ताईंच्या गुडघ्याची चौकशी करतात.

त्याच वर्षी ऋता राज्यात पहिली आली. ताई शेजारच्या मॅटवर होत्या. दोन लढतींच्या मधे त्यांनी वळून पाहिलं. ऋता एका पायावर उड्या मारत होती. पाठ तिने एकदाही केली नाही. पदक घेऊन ती ताईंकडे धावत आली आणि गळ्यात पडली.

“काकू, आय नो यू हेट इट,” ती म्हणाली. “बट इट वर्क्स.”

“हेट कशाला करू? जिंकलीस ना.”

“बॅक किक इज स्टिल माय फेव्हरेट. आय जस्ट कान्ट यूज इट.”

ताई हसल्या. मला परतताना म्हणाल्या, “तिला काय सांगणार होते मी? हरत राहा, पण छान हर, असं?”

आता ऋता जवळच्याच कॉलेजात आहे. शनिवार-रविवार त्या नव्या जिममध्ये लहान मुलींना शिकवते. मागच्या सप्टेंबरात तिने ताईंना फोन केला. मुली तीस झाल्यात, पॅड धरायला मोठं माणूस हवं, आयांना तुम्ही असलात की बरं वाटेल. सुमंतरावांना वाटलं ताई नाही म्हणतील. त्या हो म्हणाल्या. घरी बसून तरी काय करणार, असं मला म्हणाल्या, पण तसं काही मला वाटलं नाही. त्यांना त्या मुलीला नाही म्हणता येत नाही, एवढंच.

एका रविवारी मी त्यांना घ्यायला गेले तेव्हा वर्ग चालू होता. ताई स्टुलावर बसून सेन्सर लावलेलं पॅड धरून होत्या. मागे भिंतीवर स्क्रीन. रांगेतली पुढची मुलगी आली, सात वर्षांची असेल. ओठ दाताखाली धरून तिने सगळा जीव एकवटून किक मारली. पॅडचा जोरात आवाज झाला, ताईंचे हात मागे गेले. स्क्रीनवर शून्य. मुलीने स्क्रीनकडे पाहिलं, मग ताईंकडे.

ऋता येऊन तिच्या शेजारी बसली आणि तिचा पाय हातात घेऊन दाखवू लागली. “नॉट सो हार्ड, स्वीटी. जस्ट स्लाइड इट. हळू. असं.”

मुलीचं लक्ष अजून ताईंकडेच होतं. आपण मारलं ते बरोबर होतं की नाही, हे तिला त्यांच्याकडून हवं होतं. ताईंनी तिच्याकडे पाहिलं, ऋताकडे पाहिलं, पॅड नीट धरलं.

“दीदी सांगते तसं कर, बेटा,” त्या म्हणाल्या.

मुलीने पाय हळूच पॅडवरून फिरवला. आवाज आला नाही. स्क्रीनवर दोनचा आकडा आला, आणि रांगेतल्या बाकीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.